मुलुंडच्या आमच्या इमारतीतील गंजलेल्या सळयांची दुरुस्ती : सल्लागार आणि कंत्राटदार यांच्या कामाचे परीक्षण

मुंबई आणि उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांना ‘स्ट्रक्चरल रिपेअर’ या नावाखाली जी सेवा विकली जाते, तिचा महत्त्वाचा भाग काम संपल्यावर कोणालाच दिसत नाही. रंग दिसतो, प्लास्टरची सफाई दिसते, नवे पाइप दिसतात. पण ज्या कारणासाठी सगळा खर्च केला, त्या काँक्रीटमधल्या सळईला नेमके काय केले, हे तिच्यावर मोर्टार चढला की कायमचे झाकले जाते. म्हणून या परीक्षणात रंगकामाविषयी मी काहीच लिहिलेले नाही. काम पूर्ण झाल्यावर इमारतीने पावसाळे काढले, त्यानंतर प्रत्येक छज्जा आणि प्रत्येक कॉलम पुन्हा ठोकून पाहिला, आणि मगच हे लिहायला घेतले आहे. सल्लागार आणि कंत्राटदार यांची नावे दिलेली नाहीत. ज्या संस्थांपुढे असेच काम उभे आहे, त्यांना नावांपेक्षा कामाचा तपशील अधिक उपयोगी पडेल.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, ठाणे खाडीकाठच्या मिठागरांपासून फार दूर नाही. तळमजला अधिक चार मजले, बांधकाम १९८६ साली पूर्ण झालेले. सळया त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या, थंड अवस्थेत पीळ दिलेल्या, म्हणजे ज्यांना सगळे टॉर स्टील म्हणतात त्या. तेव्हा लागू असलेल्या आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर पुरेसे मानले होते. २००० सालच्या आवृत्तीत तीव्र पर्यावरणासाठी हेच कव्हर ४५ मिलिमीटर आणि अतितीव्र पर्यावरणासाठी ५० मिलिमीटर सांगितले आहे. या दोन आकड्यांमधल्या अंतरातच मुंबईतील त्या पिढीच्या बहुतेक इमारतींचे दुखणे दडलेले आहे. त्यातही प्रत्यक्ष जागेवर कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) नीट न लावल्यामुळे छज्जांच्या खालच्या बाजूला सळई काही ठिकाणी प्लास्टरला अक्षरशः चिकटलेली निघाली.

लक्षणे नेहमीचीच होती. कॉलमच्या कोपऱ्यांवर उभ्या भेगा, बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत जाणारी आडवी भेग, शौचालयाखालच्या स्लॅबवर तांबूस डाग आणि पावसाळा संपता संपता पडणारे पोपडे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. काँक्रीट ओढ सहन करण्यात दुबळे असल्यामुळे आतून फुगणाऱ्या त्या गंजाच्या दाबाने ते सळईच्या रेषेत चिरते. ही भेग उन्हाने किंवा प्लास्टरच्या वयामुळे पडत नाही, हे सर्वसाधारण सभेत समजावून सांगण्यातच पहिला बराच वेळ गेला. सभासदांची मागणी क्रॅक फिलर भरून रंग देण्याची होती. यापूर्वी एकदा तसे केलेही होते, आणि भरलेल्या त्याच भेगा त्याच रेषेत पुन्हा उघडल्या होत्या.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. मुंबईत त्याशिवाय १८८८ च्या महापालिका अधिनियमातील कलम ३५३ब नुसार तीस वर्षे उलटलेल्या इमारतीला स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. आमचा अहवाल सी-२बी वर्गात आला, म्हणजे इमारत रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावी, असा. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावी अशी अतिधोकादायक इमारत, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अनेक संस्थांना या वर्गाच्या शिक्क्यातच रस असतो आणि अहवालाची बाकीची पाने कोणी उलटत नाही. खरे तर पैसे वाचवणारी किंवा बुडवणारी माहिती त्या बाकीच्या पानांतच असते.

आता सल्लागाराच्या सेवेविषयी. त्याने सुरुवातीला दिलेल्या प्रस्तावात हातोडीने ठोकून पाहणी, रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी (ध्वनिलहरींच्या वेगावरून काँक्रीटचा दर्जा), कार्बोनेशनची खोली, हाफ-सेल पोटेन्शियल (सळईच्या विद्युतदाबावरून गंजाचा अंदाज) आणि काही कोर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने) एवढ्या चाचण्या होत्या. क्लोराइडची, म्हणजे काँक्रीटमधील मिठाच्या अंशाची चाचणी त्यात नव्हती. खाडीकाठच्या इमारतीच्या बाबतीत ही उणीव मी गंभीर मानतो. आम्ही आग्रह धरल्यावर त्याने काहीही खळखळ न करता ती समाविष्ट केली, आणि पुढे याच चाचणीने दुरुस्तीचा निम्मा आराखडा बदलला. त्यामुळे याबाबतीत त्याला मी दोषही देतो आणि श्रेयही देतो.

ही चाचणी एवढी महत्त्वाची का, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. चांगल्या काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा पीएच साडेबारा ते साडेतेरा इतका असतो आणि त्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हा थर दोन मार्गांनी मोडतो. पहिला मार्ग कार्बोनेशनचा. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावत हळूहळू आत सरकतो आणि पीएच नऊच्या खाली आणतो. ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर फेनॉल्फ्थॅलिन फवारले की निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. ही खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पंधरा वर्षांत १५ मिलिमीटर आत गेलेले कार्बोनेशन चाळीस वर्षांत २५ मिलिमीटरच्या आसपास पोहोचते. आमच्या छज्जांवर बाहेरचे काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत रंगहीन निघाले, म्हणजे तिथे निदान स्पष्ट होते.

दुसरा मार्ग क्लोराइडचा, आणि तो फसवा आहे. मीठ सळईपर्यंत पोहोचले की पीएच तेराच्या जवळ असतानाही संरक्षक थर ठिकठिकाणी भोके पडल्यासारखा फुटतो आणि सळई एकसारखी न गंजता खड्डे पडून आत कुरतडली जाते. अशा जागी फेनॉल्फ्थॅलिन खुशाल गुलाबी होते आणि काँक्रीट निरोगी असल्याचा भास होतो. मीठ कुठून आले याची उत्तरे अनेक असू शकतात : न धुता वापरलेली खाडीची वाळू, बांधकामाला वापरलेले मचूळ पाणी, फ्लशसाठी फिरवलेले बोअरचे खारे पाणी, खाडीवरचा वारा. वेगवेगळ्या खोलीवर ड्रिल करून काढलेल्या भुकटीचे रासायनिक पृथक्करण केल्याशिवाय ते कळत नाही. नव्या काँक्रीटमध्ये सळई असेल तर क्लोराइडची मर्यादा आयएस ४५६ ने घनमीटरला ०.६ किलो ठरवली आहे. आमच्या इमारतीच्या दर्शनी बाजूचे नमुने या मर्यादेच्या बरेच खाली होते, तर शौचालयाच्या पट्ट्यातले आणि खाडीच्या बाजूच्या कॉलममधले बहुतेक नमुने तिच्या वर गेले. एकाच इमारतीत दोन वेगळे रोग होते आणि पहिल्या प्रस्तावाप्रमाणे दोन्हींवर एकच औषध लावले जाणार होते.

हाफ-सेलची चाचणी सल्लागाराच्या माणसांनी मन लावून केली, हे मुद्दाम नोंदवतो. या चाचणीसाठी प्लास्टर काढावे लागते, काँक्रीट ओले करावे लागते आणि एका जागी सळई उघडी करून तिला तार जोडावी लागते. ही तसदी टाळून केलेल्या मोजणीला काही अर्थ राहत नाही. तांबे आणि मोरचुदाच्या इलेक्ट्रोडने केलेले मापन उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज सुरू नसण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक, आणि उणे ३५० पेक्षा अधिक ऋण असेल तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक, असा ठोकताळा सर्वत्र वापरला जातो. अहवालात नुसता तक्ता न देता त्यांनी प्रत्येक कॉलमचा समपातळी रेषांचा नकाशा काढून दिला, त्यामुळे गंज नेमका कुठून सुरू होतो हे कमिटीतील बिगर-अभियंता सभासदांनाही कळले. ही चाचणी गंजाची शक्यता सांगते, वेग सांगत नाही, हेही त्यांनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिले होते. पल्स व्हेलॉसिटीच्या बाबतीत मात्र काही मोजणी प्लास्टरवरूनच केलेली आढळली. सैल प्लास्टरवरून आलेला आकडा काँक्रीटविषयी काहीच सांगत नाही, आणि ती पाने अहवालात नसती तरी चालले असते.

कंत्राटदाराची निवड निविदा मागवून झाली आणि काम दिवाळीनंतर सुरू झाले. पावसाळ्यापूर्वी बाहेरचे काम संपवणे हे मुंबईतील प्रत्येक दुरुस्तीचे बंधन असते. त्याचे परिणाम पुढे सांगतो.

आधी सगळ्यांत चांगली गोष्ट. तळमजल्यावरच्या पार्किंगमधील कॉलमचे जॅकेटिंग, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा वेढा घालण्याचे काम, उत्कृष्ट झाले. कॉलम फोडण्याआधी वरच्या बीमना टेकू देण्याचे काम सल्लागाराच्या नकाशाप्रमाणे, खालच्या लादीवर भार पसरवणाऱ्या फळ्या घालून केले गेले, आणि एका वेळी शेजारचे दोन कॉलम उघडायचे नाहीत हा नियम शेवटपर्यंत पाळला गेला. जुन्या काँक्रीटमध्ये भोके पाडून बसवलेले शिअर कनेक्टर (जुने आणि नवे काँक्रीट एकत्र बांधणारे सळईचे तुकडे), नव्या सळयांची चौकट, गळती होणार नाही असे घट्ट शटरिंग आणि मग मायक्रोकाँक्रीट. हे पिशवीतले तयार मिश्रण असते. त्यात पाणी मोजूनच घालायचे असते आणि ते एकाच बाजूने ओतायचे असते, म्हणजे आतली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. इथे पाण्यासाठी खुणेची बादली ठेवली होती आणि मुकादम ती दुसऱ्या कोणाच्या हाती देत नव्हता. शटरिंग काढल्यावर एकाही कॉलमवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ काँक्रीटची जागा दिसली नाही.

छज्जे आणि बीम यांच्या पॉलिमर मोर्टारच्या (सिमेंटच्या मिश्रणात लेटेक्ससारखे पॉलिमर घालून केलेल्या मोर्टारच्या) कामाविषयी मात्र माझे मत संमिश्र आहे, आणि इमारतीच्या क्षेत्रफळाच्या दृष्टीने तेच मोठे काम असते. या कामाचा गाभा चिपिंगमध्ये आहे. खराब काँक्रीट सळईच्या पुढूनच नव्हे, तर मागूनही साधारण २० ते २५ मिलिमीटर खोल काढायचे असते, म्हणजे सळईच्या मागून बोटे फिरली पाहिजेत. मागचे काँक्रीट तसेच ठेवले तर सळईचा पुढचा भाग ताज्या अल्कधर्मी मोर्टारमध्ये आणि मागचा भाग कार्बोनेशन झालेल्या जुन्या काँक्रीटमध्ये राहतो. असा फरक एकाच सळईवर निर्माण करणे म्हणजे मागच्या बाजूने गंज सुरू ठेवणे होय. कामगारांचा कल पुढची अर्धी सळई दिसली की थांबण्याकडे असतो, कारण अवघडलेल्या अवस्थेत डोक्यावर छिन्नी चालवून मागचे काँक्रीट काढणे फार कष्टाचे आहे, आणि दर चौरस फुटाचा असल्यामुळे त्या कष्टाचे वेगळे पैसे मिळत नाहीत. आमच्याकडेही पहिल्या मजल्याच्या पट्ट्यात तसेच झाले. सल्लागाराच्या साइट इंजिनिअरने तो सगळा पट्टा पुन्हा फोडायला लावला आणि त्यानंतर नियम केला की प्रत्येक तुकड्याचा सळईच्या मागची पोकळी दाखवणारा फोटो आणि सही झाल्याशिवाय मोर्टारला परवानगी नाही. या एका नियमामुळे पुढच्या कामाचा दर्जा बदलला. निविदेतच ही अट घालावी आणि मागचे चिपिंग स्वतंत्र दराने मोजावे, अशी माझी प्रत्येक संस्थेला आग्रहाची सूचना आहे.

सळया साफ करण्याचे काम मध्यम दर्जाचे झाले. वस्तीतील इमारतीत वाळूचा मारा करून सफाई करणे धुळीमुळे शक्य नव्हते, म्हणून यंत्रावरचे तारेचे ब्रश आणि त्यावर रस्ट रिमूव्हर वापरला. रसायन लावल्यानंतर सळई पाण्याने स्वच्छ धुवायची असते, आणि परांचीवर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर पाणी पोहोचवण्याच्या कंटाळ्याने हे धुणे काही वेळा उरकले गेले. आम्लयुक्त रसायनाचा अंश सळईवर ठेवून त्यावर लेप चढवणे घातक आहे. लक्ष ठेवले तेव्हा काम नीट झाले, नजर हटली तेव्हा ढिले पडले.

साफ झाल्यावर प्रत्येक सळईचा व्यास व्हर्नियरने मोजला गेला, ही मोठी समाधानाची बाब. दहा मिलिमीटरची सळई नऊ मिलिमीटरवर आली की डोळ्यांना फार फरक वाटत नाही, पण तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी घटलेले असते. सल्लागाराने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक घट असेल तिथे नवी सळई पुरेसा लॅप देऊन, म्हणजे जुन्या सळईला पुरेशा लांबीपर्यंत लगत ठेवून, बांधली गेली. कंत्राटदाराला लॅपसाठी जास्त लांबीचे काँक्रीट फोडण्याऐवजी नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा होता. टॉर सळईची ताकद थंड अवस्थेत दिलेल्या पिळातून आलेली असते, ती जास्त तापली की त्या जागी कमी होते; हे कारण देऊन सल्लागाराने वेल्डिंगला साफ नकार दिला, आणि वेळापत्रक मागे पडत असतानाही तो या नकारावर ठाम राहिला.

लेप आणि बाँडिंग कोट यांच्याविषयी. सळईला जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि काँक्रीटला लेटेक्स आणि सिमेंट यांचा बाँडिंग कोट अशी योजना होती. प्रायमर सळईच्या मागच्या बाजूला पोहोचवण्यासाठी वाकडा ब्रश लागतो. तो ब्रश मागणी करून आणवून घ्यावा लागला. बाँडिंग कोट चिकट असतानाच त्यावर मोर्टार चढवायचा असतो. तो वाळला तर जोडण्याऐवजी वेगळे करणारा पापुद्रा होतो. पश्चिमेकडच्या छज्जांवर दुपारच्या उन्हात नेमके हेच झाले. मोर्टार वरवर सुरेख दिसत होता, पण हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला. कंत्राटदाराने तो भाग स्वखर्चाने काढून पुन्हा केला, वाद घातला नाही, आणि त्यानंतर त्या बाजूचे काम सकाळी लवकर घेतले. मोर्टार १० ते १५ मिलिमीटरच्या थरांत चढवण्याची शिस्त एरवी पाळली गेली. मात्र लेटेक्स आणि सिमेंट जागेवर मिसळण्याऐवजी कारखान्यातून आलेला तयार पॉलिमर मोर्टार वापरला असता तर प्रत्येक घमेल्यागणिक प्रमाण बदलण्याचा धोका राहिला नसता. तयार मोर्टार महाग पडतो, पण पुढच्या वेळी मी तोच निवडेन.

क्युरिंग, म्हणजे नवा मोर्टार ओला ठेवण्याचे काम, हा या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा ठरला. काम एप्रिलमध्ये शिगेला पोहोचले, पावसाळ्याची घाई होती, आणि मोर्टारवर लावलेली ओली गोणपाटे दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होत. परिणामी काही बीमवर केसांसारख्या बारीक आकुंचन भेगा आल्या. त्या नंतर भरल्या गेल्या आणि अजून तरी त्यांतून काही निघालेले नाही, तरी ज्या कव्हरने पुढची कित्येक वर्षे हवा आणि पाणी अडवायचे त्यावर सुरुवातीलाच भेगा असणे मला मान्य नाही.

आता क्लोराइडच्या पट्ट्याकडे वळतो, कारण आमचे काम इतर इमारतींहून वेगळे ठरले ते इथे. मीठ असलेल्या काँक्रीटमध्ये फक्त फुटलेला भाग काढून तिथे ताजा मोर्टार भरला, तर त्या ठिगळातली सळई सुरक्षित होते, पण तिच्या लगतची, जुन्या खाऱ्या काँक्रीटमध्ये राहिलेली सळई पूर्वीपेक्षा वेगाने गंजू लागते. गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. तीत सळईचा एक भाग झिजतो आणि दुसरा भाग त्याच्या जिवावर सुरक्षित राहतो. जुना झिजणारा भाग आपण ठिगळाने शांत केला की त्याच्या शेजारी ती भूमिका दुसरा भाग घेतो. दुरुस्ती केल्यावर काही वर्षांत ठिगळाच्या कडेनेच पोपडे पडलेले अनेक इमारतींत दिसतात, त्याचे हे कारण असते, आणि त्याचा दोष बहुधा चुकीने मोर्टारच्या कंपनीला दिला जातो.

यावर सल्लागाराने ठिगळाच्या कडेला सळईला बांधायचे जस्ताचे गॅल्व्हानिक ॲनोड सुचवले. जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजते आणि आजूबाजूची सळई वाचवते. कंत्राटदाराला हे काम नवे होते. ॲनोडची तार सळईच्या उघड्या, चकचकीत धातूला घट्ट बांधावी लागते, ठिगळातल्या सर्व सळया एकमेकींना विजेच्या दृष्टीने जोडलेल्या आहेत हे मीटरने तपासावे लागते, आणि मुख्य म्हणजे ॲनोडभोवती वीज वाहू शकेल असा मोर्टार लागतो. दर्शनी बाजूला वापरलेला इपॉक्सी प्रायमर किंवा भरपूर पॉलिमरचा मोर्टार इथे वापरला तर ॲनोड एकाकी पडतो आणि त्याचा पैसा वाया जातो. पहिल्या दिवशी कामगारांनी सवयीने इथेही प्रायमर लावला होता. साइट इंजिनिअरने तो खरवडून काढायला लावला. दोन बाजूंना दोन वेगळ्या पद्धती ठेवण्याचा हा विवेक सल्लागाराने दाखवला, हे या सगळ्या सेवेतील मला सर्वांत मोलाचे वाटते. काँक्रीटच्या पृष्ठभागावर फवारून आत झिरपणारे गंजरोधक रसायन विकण्यासाठीही एक विक्रेता आला होता. मीठ जास्त असलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये अशा फवाऱ्यावर भिस्त ठेवू नये, या सल्लागाराच्या मताशी मी सहमत होतो आणि आहे.

मिठाच्या गंजाचे गांभीर्य ज्यांना पटत नाही, त्यांना मी मांडवीच्या पुलाचे उदाहरण देतो. पणजी आणि बेती यांना जोडणारा १९७० साली खुला झालेला तो पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याच्या पूर्वताणित काँक्रीटमधील केबल गंजल्या होत्या. आमची इमारत ज्या वर्षी पूर्ण झाली त्याच वर्षी हे घडले, आणि तरी त्यानंतरही किनाऱ्यालगतच्या बांधकामात कव्हर आणि वाळू यांकडे दुर्लक्ष होत राहिले.

बिलाच्या बाबतीत कंत्राटदाराची वागणूक स्वच्छ होती. मोर्टार चढवण्यापूर्वी संस्था, सल्लागार आणि कंत्राटदार यांची एकत्र मोजणी व्हायची आणि त्याच दिवशी वहीत तिघांच्या सह्या व्हायच्या. एकूण प्रमाण अंदाजपत्रकाहून बरेच वाढले, पण ते या कामात अटळ आहे, कारण प्लास्टर उतरवल्यावरच खरी स्थिती समोर येते. अंदाजपत्रकातच त्यासाठी ठळक तरतूद ठेवून सभासदांना आधी सांगितले असते, तर मध्येच जादा वर्गणी मागताना जो ताण झाला तो टळला असता. ही उणीव सल्लागाराची.

हमीपत्र वाचताना मात्र काळजी घ्यावी. आम्हाला मिळालेली हमी गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग यांना लागू आहे. सळईचा गंज पुन्हा सुरू झाला तर काय, याविषयी ती पूर्ण गप्प आहे. दुरुस्त केलेल्या भागात ठराविक मुदतीत पोकळ आवाज किंवा नवी भेग आल्यास तो भाग पुन्हा करून द्यावा, असे कलम आम्ही आधीच घालून घ्यायला हवे होते. कंत्राटदाराने तोंडी तसे आश्वासन दिले आणि राखून ठेवलेली रक्कम मिळण्यापूर्वी एक छज्जा दुरुस्तही करून दिला, पण तोंडी शब्दाला कागदाचा आधार असावा.

आजची स्थिती अशी आहे. जॅकेटिंग केलेले कॉलम निर्दोष आहेत. दर्शनी बाजूचे छज्जे ठोकल्यावर भरीव आवाज देतात. ॲनोड बसवलेल्या भागात ठिगळांच्या कडेला भेग नाही. पुन्हा डाग दिसले ते दोन घरांच्या शौचालयांखाली, आणि तिथे दोष या सेवेचा नाही. त्या घरांच्या संकन (शौचालयासाठी खोलगट ठेवलेल्या) स्लॅबचे आणि नहाणी ट्रॅपचे (फरशीतील सांडपाण्याच्या तोंडाचे) काम घरातली फरशी फुटेल म्हणून सभासदांनी करू दिले नव्हते. पाणी आणि हवा दोन्ही मिळत राहिले तर कितीही उत्तम मोर्टारखाली सळई गंजणारच. खालून उपचार आणि वरून गळती, असा व्यवहार टिकत नाही. आता त्या दोन्ही घरांनी संमती दिली आहे.

सल्लागाराला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण क्लोराइड चाचणी आपणहून न सुचवल्याबद्दल आणि वाढीव प्रमाणाची आधी कल्पना न दिल्याबद्दल कापला आहे. कंत्राटदाराला साडेतीन. पुढच्या टप्प्यातले जिन्याचे आणि पाण्याच्या टाकीचे काम त्यालाच द्यावे असे मी कमिटीला सुचवले आहे, दोन अटींवर : बाहेरचे मोर्टारचे काम फेब्रुवारीअखेर संपले पाहिजे, आणि क्युरिंगसाठी एक माणूस केवळ त्याच कामावर नेमून त्याची रोजची नोंद साइट इंजिनिअरकडून सही करून घेतली पाहिजे.